वाचनाच्या मदतीसाठी चित्रकलेचा तास द्यायचा का?

प्रिय ताई,

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. गोष्ट वाचून दाखवली की त्याला सगळी कळते, पुढे काय होणार हेही तो आधीच ओळखतो. पण तेच पान त्याच्या हातात दिलं की अडखळतो. जोडाक्षर आलं की थांबतो, नाहीतर पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजाने सांगून मोकळा होतो. लिहिताना काना-मात्रा गळतात. ज्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचायचं असतं, त्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखतं.

गेल्या आठवड्यात वर्गशिक्षिकांनी बोलावून घेतलं. शाळेतल्या विशेष शिक्षिका त्याला आठवड्यातून तीन दिवस वेगळ्या खोलीत, चार मुलांच्या गटात शिकवतील म्हणाल्या. संमतीचा फॉर्म दिला आहे. पण त्यासाठी तास घेणार ते चित्रकलेचे आणि खेळाचे, कारण मुख्य विषय बुडायला नकोत. चित्रकला म्हणजे त्याचा जीव की प्राण. घरी आल्यावर तो चित्रकलेच्या सरांशिवाय दुसऱ्या कुणाबद्दल बोलत नाही.

घरात एकमत नाही. त्याचे बाबा म्हणतात, एकदा त्या खोलीत गेला की कायमचा शिक्का बसेल, मुलं ‘ढ’ म्हणून चिडवतील, त्यापेक्षा शिकवणी लावू. सासूबाई म्हणतात, नुसता आळस आहे. शिवाय दिरांनाही उशिराच वाचता यायला लागलं होतं, याचंही येईल. मी सही करू की नको?

– एक आई

सही करा, पण चित्रकलेचा तास सोडून देऊ नका. शाळेकडे या दोन्ही गोष्टी एकदम मागता येतात आणि तुम्ही त्या मागाव्यात असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं निरीक्षण तुम्ही सुरुवातीलाच लिहून टाकलं आहे. ऐकलेली गोष्ट कळते, हातात पुस्तक आलं की गाडी अडते. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाची एक सोपी मांडणी केली. वाचून समजणं म्हणजे लिहिलेला शब्द उलगडता येणं गुणिले बोललेली भाषा समजणं. हा गुणाकार आहे, बेरीज नव्हे. एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही भक्कम असो, उत्तर शून्याजवळच राहतं. तुमच्या मुलाची भाषेची बाजू भक्कम दिसते. तो अडतो ते अक्षरांवरून आवाज आणि आवाजांवरून शब्द गाठताना. सगळी ताकद तिथेच खर्ची पडते आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटलेली असते. अडचण नेमकी कुठे आहे हे कळलं, तर शिकवणंही नेमकं करता येतं. म्हणूनच मला शाळेचा प्रस्ताव आवडला.

सासूबाईंच्या बोलण्यातला आळसाचा भाग बाजूला ठेवा, पण दिरांबद्दल त्या जे म्हणाल्या ते मात्र लिहून ठेवा. वाचनाच्या अडचणी अनेकदा घराण्यात चालत येतात. काकाला वाचायला उशीर लागला होता, ही माहिती विशेष शिक्षिकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे आणि शाळेला ती तुम्हीच देऊ शकता. दीर तयार असतील तर त्यांच्याशी निवांत बोला. लहानपणी काय व्हायचं, अजूनही मोठ्याने वाचायला नको वाटतं का, शुद्धलेखनात अजून घोटाळे होतात का, हे विचारा.

आळसाबद्दल एवढंच सांगते. आळशी मूल अभ्यास टाळून मजेत असतं. वाचनाच्या दिवशी ज्याचं पोट दुखतं, ते मूल आदल्या रात्रीपासून भीतीत असतं. ते पोट बहुतेक वेळा खरोखर दुखत असतं, ढोंग नसतं. दटावून ही भीती वाढेल, वाचन सुधारणार नाही.

आणि ‘मोठा झाला की येईल’ या भरवशावर राहू नका. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्येच दाखवून दिलं की ज्यांना वाचणं जड जातं ती मुलं कमी वाचतात, कमी वाचल्यामुळे शब्दसंग्रह आणि सराव मागे पडतो आणि दरी दरवर्षी रुंदावत जाते. तिसरी-चौथीपर्यंत मुलं वाचायला शिकतात. त्यानंतर विज्ञान, भूगोल, गणिताची शाब्दिक उदाहरणं हे सगळं वाचूनच शिकायचं असतं. तुमचा मुलगा आत्ता त्या वळणावर आहे. उशीर झालेला नाही, पण वर्ष-दोन वर्षं वाट पाहण्याइतकी सवडही नाही.

बाबांची शिकवणीची कल्पना प्रेमापोटीच आली आहे. तरी त्यांना १८९६ मधली एक नोंद वाचून दाखवा. प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. मुलगा तल्लख, खेळात चपळ, बरोबरीच्या मुलांपेक्षा कशातच कमी नव्हता. फक्त वाचता येत नव्हतं. सातव्या वर्षापासून शाळा आणि खासगी शिक्षक चालू होते, त्याला वाचायला शिकवण्यासाठी जिवापाड प्रयत्न झाले होते. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं असं की सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. म्हणजे शिकवणारे कमी नव्हते आणि कष्टही कमी नव्हते. जे शिकवायला हवं होतं, ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आज माहीत आहे. नेहमीच्या शिकवणीत बहुतेकदा वर्गातलाच धडा पुन्हा घेतात, गृहपाठ पुरा करून देतात. जो रस्ता मुलाला शाळेत चढवला नाही, त्याच रस्त्याने संध्याकाळी पुन्हा चालवणं म्हणजे दमलेल्या मुलाला आणखी दमवणं.

विशेष शिक्षिकेचं काम याहून वेगळं असतं, निदान असायला हवं. शब्दातले आवाज कानाने सुटे करायचे, ते पुन्हा जोडायचे. कोणत्या आवाजाला कोणतं चिन्ह हे उघडपणे, क्रमाने, सोप्याकडून अवघडाकडे शिकवायचं. शिकवलेल्या चिन्हांचेच शब्द वाचायला द्यायचे म्हणजे अंदाज करायची वेळ येत नाही. आपल्या लिपीत काना, वेलांटी, उकार, मात्रा एकेक करून पक्क्या करायच्या, मग जोडाक्षरं, मग रफार. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते पण उच्चारात नंतर येते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो पण त्याचा र आधी म्हणायचा असतो. आपल्याला हे आता जाणवतसुद्धा नाही. अडखळणाऱ्या मुलाला मात्र ते कुणीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं, तेही पुन्हापुन्हा. बघणं, म्हणणं, ऐकणं आणि हाताने गिरवणं एकत्र करण्याची पद्धत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा आवाजांची जाण आणि अक्षर-आवाज संबंधाचं पद्धतशीर शिक्षण या दोन्ही गोष्टी उपयोगी ठरल्या; त्यांच्या जोडीला ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन.

म्हणून भेटीच्या वेळी शिक्षिकांना नि:संकोच विचारा की तुम्ही त्याला नेमकं काय शिकवणार आणि कोणत्या क्रमाने. ‘जास्त लक्ष देऊ’ हे उत्तर पुरेसं नाही. ‘त्याला इकार-उकार येतात, पण जोडाक्षरांत अडतो, म्हणून इथून सुरुवात करू’ असं काही ऐकायला मिळालं, तर निर्धास्त व्हा.

त्या खोलीत प्रत्यक्ष शिकवणार कोण, हेही विचारा. इंग्लंड आणि वेल्समध्ये शाळांतल्या साहाय्यक कर्मचाऱ्यांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. वर्गातल्या मदतनिसांचा आधार ज्यांना सर्वांत जास्त मिळत होता, त्या मुलांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झालेली आढळली. मदतनीस वाईट होते म्हणून नव्हे. त्यांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, तयारीला वेळ नव्हता आणि मदतनीस मिळाला की मूल खऱ्या शिक्षकापासून दूर पडायचं. ज्या मुलाला शिकायला सर्वांत अवघड जातं, त्याच्या वाट्याला सर्वांत जाणकार शिक्षक यायला हवा. मदतनीस असतील तर चांगलंच, पण त्यांनी काय करायचं हे विशेष शिक्षिकांनी ठरवून दिलेलं असावं.

आता चित्रकलेचा तास. पत्रातल्या याच गोष्टीने मला सर्वांत अस्वस्थ केलं.

वेळापत्रक जुळवणाऱ्यांची अडचण मला कळते. मुलाला बाहेर काढायचं तर कुठल्या तरी तासातून काढावंच लागणार आणि चित्रकला, संगीत, खेळ हे तास सर्वांना मोकळे वाटतात. पण तुमच्या मुलाचा दिवस त्याच्या जागी बसून पाहा. सकाळपासून प्रत्येक तासाला त्याच्यापुढे छापील मजकूर येतो आणि प्रत्येक तासाला तो मागे पडतो. मग एक तास असा येतो की त्याच्या कागदाकडे इतर मुलं वळून बघतात. तोच तास काढून त्या जागी, त्याला जे सर्वांत अवघड जातं ते ठेवायचं, याचा त्याच्या मनात काय अर्थ होईल? चांगल्या हेतूने दिलेली मदत त्याला शिक्षा वाटेल. ज्याला मदत शिक्षा वाटते, तो त्या खोलीत बसेल, पण शिकणार नाही.

शाळेने चित्रकलेला, संगीताला, खेळाला वेगळे शिक्षक नेमले आहेत, कारण त्या विषयांना स्वतःचं ज्ञान आणि शिस्त लागते. चित्रकलेत मूल बारकाईने बघायला शिकतं, चुकलेली रेघ पुसून पुन्हा काढतं, तोंडी सूचना लक्षात ठेवून क्रमाने पाळतं. गाण्यात शब्दांचे तुकडे पडतात, ताल धरावा लागतो, आवाजाकडे कान लागतो. मैदानावर इतर मुलं त्याला गडी म्हणून मागतात. हे सगळं ‘मुख्य विषयां’इतकंच त्याच्या शिक्षणाचा भाग आहे आणि हे मी कुणाची समजूत काढायला म्हणत नाही.

वेळ दुसरीकडून काढता येतो. भाषेच्या ज्या तासाला वर्ग असा उतारा वाचत असतो जो त्याला वाचताच येत नाही, त्यातला अर्धा तास घ्यावा. नाहीतरी तिथे तो नुसता बसून असतो. मूक वाचनाचा वेळ घेता येईल. काही शाळांत विशेष शिक्षिकाच वर्गात येतात आणि मागच्या बाकांवर छोटा गट घेऊन बसतात. मुलांना त्याची सवय झाली की कुणी ढुंकूनही पाहत नाही. आणि अगदीच निरुपाय झाला तर तास फिरते ठेवावेत, म्हणजे एकच विषय दर आठवड्याला बुडत नाही. पण ‘चित्रकला आणि खेळ वगळून’ ही अट सोडू नका. फॉर्मवर सहीखाली तसं लिहून द्या, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

शाळेच्या बैठकीला चित्रकलेच्या सरांनाही बोलवा, असं आग्रहाने सुचवेन. अशा बैठकांना कला-क्रीडा शिक्षकांना बोलवायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. पण तुमच्या मुलाला आवडीचं काम मिळालं की तो किती वेळ एकाग्र राहतो, एका दमात सांगितलेल्या तीन सूचना लक्षात ठेवतो का, चुकलं की चिडतो की पुन्हा करतो, हे शाळेत सर्वांत चांगलं त्यांनाच ठाऊक असणार. विशेष शिक्षिकांना ते ऐकून त्याच्यापर्यंत पोचायची वाट सापडू शकते. घरी मात्र एक पथ्य पाळा: ‘वाचलंस तरच रंग मिळतील’ असा सौदा करू नका. चित्र काढणं हे त्याचं आहे, ते आपण बक्षीस म्हणून हातात ठेवू नये.

या सगळ्याच्या आधी त्याचे कान आणि डोळे तपासून घ्या. लहान मुलांच्या मध्यकर्णात द्रव साठून काही काळ कमी ऐकू येणं सर्रास घडतं आणि जवळजवळ सारखे आवाज वेगळे ऐकू आले नाहीत तर लिहिताना घोटाळे होणारच. चष्मा लागत असेल तर द्यावा. मात्र रंगीत काचांचा चष्मा किंवा डोळ्यांचे विशिष्ट व्यायाम करून वाचनाची अडचण जाते असं कुणी सांगितलं, तर त्यावर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून स्पष्ट केलं आहे की अशा उपायांना शास्त्रीय आधार नाही.

शिक्क्याची भीती मी हलक्यात घेत नाही. मुलं चिडवतात आणि ते लागतं. पण बाबांना एक गोष्ट सांगा: कोण अडखळत वाचतं हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला आधीच माहीत आहे आणि त्यालाही ते माहीत आहे. घरी बसवून ते लपणार नाही. संमतीच्या फॉर्मवर सही केली म्हणजे निदानावर सही झाली, असंही नाही. छोट्या गटातली मदत बहुतेक ठिकाणी कुठलंही निदान नसताना सुरू करतात. पुढे कधी तपासणी होऊन ‘डिस्लेक्सिया’ किंवा ‘अध्ययन अक्षमता’ असा शब्द आला, तरी तो मुलाच्या बुद्धीबद्दल काही म्हणत नाही. तरीही दप्तरी काय नोंद होणार, ती कोण पाहणार, हे शाळेला विचारून घ्या. तो तुमचा हक्क आहे. आणि ही मदत म्हणजे शाळेचे उपकार आहेत, असं मानून खाली मान घालून बसू नका. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातलं २४ वं कलम शिक्षणाबद्दल आहे आणि आवश्यक तो आधार सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेतच मिळावा, असं ते सांगतं.

मुलाशी तुम्ही दोघांनी मिळून बोला, आणि खरं ते बोला. ‘तू हुशार आहेस, गोष्टी तुला पटकन कळतात. अक्षरं जोडायला तुला जास्त सराव लागतो, बऱ्याच मुलांना लागतो. ते शिकवण्यात या बाई तरबेज आहेत. चित्रकलेचा तास तुझाच राहणार.’ इतकं पुरे. कुणी विचारलं तर काय सांगायचं, तेही त्यालाच ठरवू द्या.

मुख्य वर्गात लगेच करता येण्यासारखे बदलही मागा, कारण आठवड्यातले तीन तास सोडले तर बाकी सगळा वेळ तो तिथेच असतो. मोठ्याने वाचायला अचानक उभं करू नये. वाचायचंच असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी सांगावा, म्हणजे घरून तयारी करून येईल. विज्ञान, परिसर या विषयांत उत्तरं तोंडी घ्यावीत. फळ्यावरचं उतरवायला वेळ जास्त द्यावा. या सवलतींनी त्याला वाचायला येणार नाही, पण तोवर त्याचं बाकीचं शिक्षण थांबणार नाही.

घरी रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत, तीही दोघांनी मिळून. एक ओळ तुम्ही वाचा, तीच ओळ तो वाचेल. अडला तर तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगून टाका आणि पुढे चला. ‘कालच सांगितला होता ना’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. आणि झोपताना त्याला वाचून दाखवणं बंद करू नका. त्याच्या वाचनाच्या पातळीवरची पुस्तकं नकोत, त्याच्या बुद्धीला आवडतील अशी जाड, गुंतागुंतीच्या गोष्टींची घ्या. गुणाकारातली ती दुसरी बाजू याच वेळात वाढते. हे काम सासूबाईंकडे द्यायला काय हरकत आहे? त्यांना गोष्ट सांगता येईल आणि नातवाची समज किती खोल आहे, हे त्यांचं त्यांनाच दिसेल.

शेवटी मोजमापाबद्दल. पहिल्याच आठवड्यात शिक्षिकांना त्याची सुरुवातीची नोंद करायला सांगा. एका मिनिटात अनोळखी उताऱ्यातले किती शब्द बरोबर वाचतो, कोणती चिन्हं पक्की आहेत, कोणती नाहीत. दर दोन-तीन आठवड्यांनी हीच चाचणी, तितक्याच अवघड नव्या उताऱ्यावर. आकडे तुम्हाला दाखवावेत, असं आधीच ठरवून घ्या. सुरुवातीला चढ अगदी थोडा असेल, त्याने खचू नका. पण तीन महिने नियमित तास होऊनही रेघ आडवीच राहिली, तर ‘अजून थोडं थांबू’ याला हो म्हणू नका. चारऐवजी दोन मुलांचा गट किंवा रोजचा तास मागा, पद्धत बदलायची का हे विचारा आणि शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्या. त्याच वर्गात पुन्हा बसवायचा पर्याय कुणी पुढे केला तर तो आधी बाजूला ठेवायला सांगा. जे शिकवणं एकदा पोचलं नाही तेच आणखी एक वर्ष ऐकून पोचत नाही, आणि त्याचे मित्र तेवढे पुढच्या वर्गात गेलेले असतात.